दूध, दुधाचा आणि लाक्तो

कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर संध्याकाळी डोळ्यांदेखत म्हशीची धार काढतात आणि फेसाळता पेला थेट हातात येतो. परवा तिथं भाचीनं विचारलं, "मावशी, 'दूध'मधला ऊ दीर्घ, मग 'दुधाचा'मध्ये ऱ्हस्व कसा गं?" शुद्धलेखनात तिचा तिथंच गुण गेला होता.

प्रश्न अगदी बरोबर आहे. 'दूध'सारख्या शब्दाला प्रत्यय लागला, की आधीचा स्वर आखडतो. 'दुध' लिहिलं तरी अर्थ तोच राहतो, पण गुण जातो. उलट 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जगत राहा, यांतले दोन ज आपण वेगळे उच्चारतो. अर्थही वेगळा, अक्षर मात्र एकच!

1887 साली वॉर्सात लुडविक झामेनहॉफ या डोळ्यांच्या डॉक्टरांनी एस्पेरांतो ही घडवलेली भाषा छापून लोकांपुढे ठेवली. तिच्यात अक्षरं 28, आणि प्रत्येकाचा उच्चार ठरलेला. स्वर पाचच: आ, ए, इ, ओ, उ. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. 'आमिको' म्हणजे मित्र. जोर नेहमी शेवटून दुसऱ्या स्वरावर, त्यामुळे बोलताना तो 'मि' थोडा लांबतो. पण तो कुठं लांबणार हे आधीच ठाऊक असल्यानं लिहून दाखवायची गरजच नाही. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. आपली जीभ मात्र तिथं अडते. त्या भाषेत 'अ' नाही आणि आपण सवयीनं 'अमिको' म्हणून जातो.

या पाच स्वरांवर व्याकरणाचाही भार आहे. दूध म्हणजे 'लाक्तो'. शेवटचा ओ सांगतो, हे नाम. 'वार्मा लाक्तो' म्हणजे गरम दूध. आ आला की विशेषण. ए आला की क्रियाविशेषण. 'त्रिंकी' म्हणजे पिणं, आणि 'त्रिंकू!' म्हणजे पी! शेवटचा स्वर ऐकला, की शब्दाची जात कळते.

आपल्या दोन च-चीही तिथं सोय आहे. रोमन सी लिहिला, की चुलीतला च. त्याच सी-च्या डोक्यावर छोटी टोपी चढवली, की चिंचेतला पहिला च. या खुणेला तिथं 'चापेलो', म्हणजे टोपीच म्हणतात.

घरी आल्यावर भाचीनं वहीत 'चूल' आणि 'चिंच' लिहिलं, दोन्ही मोठ्यानं म्हणून पाहिलं आणि चिंचेच्या पहिल्या च-वर पेन्सिलीनं टोपी काढली.