नव्या कॅमची पहिली वीस मिनिटे

दसऱ्याच्या आसपास नागपुरातल्या जुन्या गाड्यांच्या गॅरेजांत एक सोहळा हमखास पाहायला मिळतो. कित्येक आठवडे खोलून पडलेले अँबॅसिडरचे, पद्मिनीचे किंवा जीपचे इंजिन बांधून झालेले असते. मालक पंचांग पाहून वेळ ठरवतो, नारळ फुटतो, चाकांखाली लिंबे ठेवली जातात, किल्ली फिरते, आणि फोटो काढून होईपर्यंत इंजिन मंद गतीवर सुरू ठेवले जाते. 'नवे इंजिन आहे, रेस देऊ नका', असे कोणीतरी वडीलधारे बजावते आणि ते सर्वांना पटते. पुढे काही महिन्यांनी टॅपेट नावाच्या दट्ट्यांचा आवाज वाढतो, एका सिलिंडरची ताकद उतरते, आणि मिस्त्री कॅमशाफ्ट, म्हणजे टॅपेटना ढकलून व्हॉल्व्ह (झडपा) उघडवणारा फिरता दांडा, थोडक्यात कॅम, निकृष्ट निघाल्याचे सांगतो. कधी ते खरेही असते. परंतु पुष्कळदा चांगल्या कॅमचा घात त्या मुहूर्ताच्या मंद गतीनेच केलेला असतो. नव्या कॅमला सुरुवातीची वीस ते तीस मिनिटे मंद गती मुळीच सोसत नाही. त्याला मिनिटाला दोन हजार ते अडीच हजार फेऱ्यांची गती पहिल्या क्षणापासून लागते. हे उफराटे का आहे, ते समजून घेण्यासारखे आहे.

प्रथम हे स्पष्ट करायला हवे की हा नियम सपाट टॅपेट असलेल्या इंजिनांना लागू होतो. अँबॅसिडरचे १४८९ घनसेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन, पद्मिनीचे १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन आणि विदर्भाच्या शेतांत आजही राबणाऱ्या अनेक जुन्या ट्रॅक्टरांची डिझेल इंजिने या जातीची आहेत. त्यांत कॅमशाफ्ट इंजिनाच्या ब्लॉकमध्ये, खाली असतो. त्याचा लोब, म्हणजे दांड्यावरचा अंडाकृती उंचवटा, टॅपेटला वर ढकलतो, टॅपेट पुशरॉड या उभ्या काठीला, पुशरॉड रॉकर या तरफेला, आणि रॉकर व्हॉल्व्ह उघडतो. व्हॉल्व्ह मिटवण्याचे काम स्प्रिंगचे. ज्या इंजिनांत टॅपेटच्या टोकाला फिरते रोलर असतात, त्यांत घर्षणाचे स्वरूपच वेगळे असल्याने हा सारा खटाटोप लागत नाही.

आता लोब आणि टॅपेट जिथे एकमेकांना भिडतात, त्या जागेकडे बघू. लोबचा पृष्ठभाग गोलाईचा असल्यामुळे आणि टॅपेटचा जवळजवळ सपाट असल्यामुळे संपर्काची जागा अगदी अरुंद असते, आणि स्प्रिंगचा सारा जोर त्या चिंचोळ्या पट्टीवर एकवटतो. तिथला दाब एका गिगापास्कलच्या घरात जाऊ शकतो, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे दहा हजार पट. शिवाय तिथे चेंडूप्रमाणे लोळणे नसते, घासणे असते. संपूर्ण इंजिनात धातूवर इतका कठोर प्रसंग क्वचितच दुसरीकडे येत असेल.

या अडचणीवर अभियंत्यांनी काढलेला तोडगा मला इंजिनातल्या सर्व युक्त्यांमध्ये सर्वांत सुंदर वाटतो. सपाट म्हटला जाणारा टॅपेट वस्तुतः सपाट नसतो. त्याचे तोंड किंचित फुगीर असते. साधारण एक मीटर त्रिज्येच्या गोलाचा तो लहानसा तुकडा म्हणता येईल. टॅपेटचा व्यास वीस-एकवीस मिलिमीटर धरला, तर मध्यभाग कडेपेक्षा अवघा मिलिमीटरचा विसावा भाग उंच भरतो, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीहूनही कमी. लोबही एका बाजूला तितकाच सूक्ष्म उतरता घासलेला असतो, आणि लोबचा मध्य टॅपेटच्या मध्याशी मुद्दाम जुळवलेला नसतो. परिणामी लोब टॅपेटला त्याच्या केंद्रापासून थोडा बाजूला स्पर्श करतो. टेबलावर ताटली उलटी ठेवून तिच्या मध्यापासून जरा बाजूला बोट टेकवावे आणि सरळ रेषेत ओढावे; ताटली सरकता सरकता फिरू लागते. लोबही टॅपेटला तसेच फिरवतो. टॅपेट वर-खाली होतानाच स्वतःभोवतीही हळूहळू फिरत राहतो, त्यामुळे घासणारी जागा सतत बदलते, कुठल्याही एका रेषेवर झीज साचत नाही आणि संपर्काच्या ठिकाणी ताजे ऑइल खेचले जाते. टॅपेट फिरायचा थांबला, तर तो लोब संपलाच असे समजावे. काही मिनिटांत टॅपेटच्या तोंडावर चर पडतो आणि लोबचे टोक खाल्ले जाते.

पहिल्या सुरुवातीच्या वेळी हे दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना अनोळखी असतात. यंत्रावर घासताना राहिलेले सूक्ष्म उंचवटे अजून शाबूत असतात आणि सारा भार मोजक्या शिखरांवर पडतो. ती शिखरे हलकेच दबून, झिजून जुळली पाहिजेत. मात्र वितळून चिकटता कामा नयेत. यांतले काय घडेल, हे तिथे टिकणाऱ्या ऑइलच्या थरावर ठरते.

मंद गतीवर या थराची तीन प्रकारांनी कोंडी होते. पहिला प्रकार साधा आहे. या इंजिनांत कॅमच्या लोबना दाबाने ऑइल पोहोचवणारी स्वतंत्र नळी सहसा नसते. क्रँकशाफ्ट (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) आणि त्याला पिस्टनशी जोडणारे कनेक्टिंग रॉड फिरताना जे ऑइल उडवतात, त्याच्या शिंतोड्यांवर लोब भिजतात. गती कमी, तर शिंतोडे कमी. दुसरा प्रकार जडत्वाचा. लोबच्या टोकावर टॅपेट, पुशरॉड आणि व्हॉल्व्ह यांचा वर जाण्याचा वेग मंदावत शून्यावर येत असतो आणि त्यांचे जडत्व स्प्रिंगच्या विरुद्ध काम करते, म्हणजे लोबवरचा भार हलका करते. हे जडत्वाचे बल गतीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. मंद गतीच्या आठशे फेऱ्यांच्या तुलनेत दोन हजार फेऱ्यांवर ते सव्वासहा पट होते. मंद गतीवर ही सवलत जवळजवळ मिळतच नाही, आणि लोबच्या टोकाला स्प्रिंगचा पूर्ण जोर सोसावा लागतो.

तिसरा प्रकार थोडा अवघड आहे. दोन पृष्ठभागांमध्ये ऑइल ओढले जाते ते त्या पृष्ठभागांच्या संपर्करेषेसापेक्ष असलेल्या सरासरी वेगाने. परंतु कॅम फिरतो तशी ही संपर्करेषा टॅपेटच्या तोंडावर स्वतःही पुढे-मागे धावत असते. गणित मांडले, तर ओढीचा वेग हा कॅमच्या पायाची (उंचवटा सोडून उरलेल्या गोल भागाची) त्रिज्या, त्या क्षणीची टॅपेटची उचल आणि कॅमच्या कोनानुसार मोजलेल्या उचलीच्या त्वरणाची दुप्पट यांच्या बेरजेवर अवलंबून असतो. लोबच्या टोकाजवळ हे त्वरण ऋण असते. बेरीज घटत जाते आणि टोकाच्या दोन्ही अंगांना एकेकदा शून्यातून जाऊ शकते. त्या क्षणी ऑइल ओढणारे काहीच नसते. क्षणापूर्वीचा थर पूर्ण पिळून निघण्याआधी संपर्क पुढे सरकला, तरच धातू वाचतो. हा सारा वेग कॅमच्या गतीने गुणला जातो, आणि कॅम तर क्रँकशाफ्टच्या निम्म्याच गतीने फिरतो. आठशे फेऱ्यांवर चालणाऱ्या इंजिनाचा कॅम चारशे फेऱ्याच करतो, आणि तो धोक्याचा क्षण इंजिनाच्या दोन हजार फेऱ्यांच्या तुलनेत अडीच पट लांबतो.

म्हणून केवळ ऑइलच्या थरावर विसंबता येत नाही आणि इथे रसायनशास्त्र मदतीला येते. इंजिन ऑइलमध्ये झिंक डायअल्किलडायथायोफॉस्फेट नावाचे संयुग मिसळलेले असते. मिस्त्री लोक त्याला नुसते झिंक म्हणतात. दाब, घासणे आणि उष्णता एकत्र आली, की त्याचे रेणू तुटतात आणि धातूवर जस्त, लोह व फॉस्फेट यांचा काचेसारखा थर बसतो. हा थर मिलिमीटरच्या दहाहजाराव्या भागाएवढाच असतो. परंतु तो स्वतः झिजतो आणि खालच्या लोखंडाला वाचवतो, आणि झिजला तिथे पुन्हा तयार होतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ साली अतिसूक्ष्म सुईच्या टोकाखाली हा थर वाढताना प्रत्यक्ष मोजला, तेव्हा दाब आणि तापमान वाढेल तशी त्याच्या वाढीची गती घातांकी प्रमाणात चढते असे आढळले. धोका जिथे सर्वाधिक, तिथेच संरक्षण सर्वांत वेगाने उभे राहते. मात्र त्याला वेळ लागतो, आणि ती वीस-तीस मिनिटे हाच तो वेळ आहे.

या संयुगातल्या फॉस्फरसमुळे गाडीच्या धुरांड्यातील, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी होत असल्याने नव्या गाड्यांच्या पातळ ऑइलांत त्याचे प्रमाण कमी करण्यात आले. २००४ मध्ये आलेल्या एसएम या ऑइलच्या दर्जात पातळ ऑइलांसाठी फॉस्फरसची ०.०८ टक्के ही कमाल मर्यादा आहे. नव्या मोटारींना ते योग्यच आहे, परंतु 'सर्वांत आधुनिक आणि सर्वांत महाग ते सर्वांत चांगले' या समजुतीने तेच ऑइल जुन्या इंजिनाच्या नव्या कॅमला पाजणे चूक आहे. त्याला पुरेसे झिंक असलेले, खनिज तेलावर आधारित ऑइल द्यावे. 'इंजिन पुन्हा नवे करते' अशी जाहिरात मिरवणाऱ्या बाटल्यांचा इथे काही उपयोग नाही. झिजलेला लोब कोणत्याही बाटलीने भरून येत नाही.

प्रत्यक्ष कामात सारी तयारी किल्ली फिरवण्याआधीची असते. लोबवर आणि टॅपेटच्या तोंडावर मॉलिब्डेनम डायसल्फाइडची पेस्ट लावावी. टॅपेटच्या अंगाला मात्र साधे ऑइल, कारण तिथे जाड पेस्ट बसली तर तो फिरायला अडतो. नव्या कॅमवर जुने टॅपेट कधीही बसवू नयेत. ऑइल पंप आधी फिरवून दाब आणावा, कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल भरावे आणि टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) अचूक लावावे, म्हणजे इंजिन पहिल्याच प्रयत्नात सुरू होईल. स्टार्टरने फार वेळ घरघरवले, तर पेस्ट पुसली जाते आणि शिंतोडे मात्र उडत नाहीत. सुरू होताच गती दोन हजारांवर न्यावी आणि पुढे दोन हजार ते अडीच हजारांच्या दरम्यान थोडी बदलत ठेवावी, म्हणजे शिंतोड्यांची दिशाही बदलते.

नागपूरच्या उन्हाळ्यात उभ्या गाडीवर हे करणे अवघड जाते, कारण पारा पंचेचाळिशीकडे असताना समोरून वारा नसलेला रेडिएटर लवकर उकळतो. काम पहाटे करावे आणि कूलरचा मोठा पंखा रेडिएटरसमोर ठेवावा. तरीही तापमान चढले किंवा कुठे गळती दिसली, तर इंजिन सरळ बंद करावे, दोष दूर करावा आणि पुन्हा सुरू करून थेट त्याच गतीवर न्यावे. थांबण्याने काही बिघडत नाही, गती खाली आणून रेंगाळण्याने बिघडते. मुहूर्त साधायचाच असेल, तर पूजा आधी उरकून घ्यावी. लोबला ग्रहांची स्थिती कळत नाही, ऑइलचा थर कळतो.

वीस-तीस मिनिटे झाल्यावर ऑइल गरम असतानाच काढून टाकावे, फिल्टर बदलावा आणि जुना फिल्टर कापून आतला कागद उजेडात उलगडावा. करडी, पिठासारखी बारीक पूड अपेक्षितच असते. चमकणारे कण दिसले, तर टॅपेट बाहेर काढून पाहावेत. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर प्रत्येक व्हॉल्व्हचे अंतर, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्ह यांमधली बारीक फट, फीलर गेजच्या पातळ पट्ट्यांनी मोजून आधी लिहून ठेवलेल्या मापाशी ताडावे, आणि पुढच्या काही शे किलोमीटरांनंतर पुन्हा मोजावे. सर्व अंतरे थोडीथोडी बदलली असतील, तर पृष्ठभाग जुळत आहेत. आठ व्हॉल्व्हच्या इंजिनात सात अंतरे जागची रहावीत आणि एकाच व्हॉल्व्हचे दर वेळी वाढत जावे, असे दिसले तर त्या लोबचा टॅपेट फिरत नाही.