पट्टेरी आईचं काळं पिल्लू

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, बंद पडलेल्या एका स्कूटरच्या मागे, पट्टेरी मांजर व्याली. चार पिल्लं. तीन थेट आईसारखी, चौथं मात्र कोळशासारखं काळं. दोन महिन्यांची झाल्यावर तिन्ही पट्टेरी पिल्लं आठवड्याभरात गेली: एक कोथरूडला, एक वडगावला, एक पिंपरीला. काळ्यासाठी एकही फोन आला नाही. एका शेल्टरमध्ये चौकशी केली, तर तिथल्या ताई म्हणाल्या, "आमच्याकडेच काळी पाच आहेत. लोक पिंजऱ्यापाशी येतात, बघतात आणि पुढे सरकतात." आमच्या इमारतीतल्या काकूंनी तर अगदी मनापासून काळजीने सांगितलं, "पट्टेरी आईला काळं पिल्लू झालंय, लक्षण काही बरं नाही हो."

काकूंना पडलेलं कोडं खरं आहे. पट्टेरी आईला काळं पिल्लू होतंच कसं? त्याचं उत्तर मला इतकं आवडतं की ते नीट मांडल्याशिवाय राहवत नाही.

घरात पट्टेरी मांजर असेल तर सोफ्यावरचा एक केस उचला आणि पांढऱ्या कागदावर ठेवून भिंगातून बघा. टोक काळं, त्याखाली पिवळसर पट्टा, मग पुन्हा गडद. एकाच केसावर रंग बदलतो! केस मुळातून वाढतो, म्हणजे टोक सगळ्यात आधी तयार झालेलं असतं. त्यामुळे केसाच्या मुळाशी कोणत्या दिवशी कोणता रंग भरला गेला, याची नोंदच त्या केसावर उमटलेली असते.

रंग भरतात मेलॅनोसाइट नावाच्या पेशी. त्यांच्याकडे दोनच रंग असतात: काळा-तपकिरी युमेलॅनिन आणि पिवळा-तांबूस फिओमेलॅनिन. कोणता बनवायचा हे ठरतं पेशीच्या पृष्ठभागावरच्या एमसी१आर नावाच्या ग्राहकावर. ग्राहक म्हणजे भिंतीवरचं बटण समजा. अल्फा-एमएसएच हे संप्रेरक त्याला चिकटलं की बटण चालू होतं, पेशीच्या आत सायक्लिक एएमपी हा निरोप पोचवणारा रेणू वाढतो, टायरोसिनेज हे विकर जोरात कामाला लागतं आणि काळा रंग तयार होतो. अगूटी नावाचं प्रथिन याच बटणाला येऊन चिकटतं आणि ते बंद करतं. मग टायरोसिनेज मंदावतं आणि पेशी पिवळ्या रंगाकडे वळते. केस वाढत असताना मध्येच काही दिवस अगूटी स्रवतं आणि थांबतं. तेवढ्या दिवसांचा तो पिवळा पट्टा.

काळ्या मांजरात हे अगूटी प्रथिनच बिघडलेलं असतं. २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं की त्याच्या जनुकातली फक्त दोन अक्षरं गळलेली आहेत. दोन अक्षरांनी एवढं काय बिघडतं? जनुकाची भाषा तीन-तीन अक्षरांच्या शब्दांत वाचली जाते. "पिवळं मांजर बसलं दारात" हे वाक्य घ्या. त्यातलं "जर" काढा आणि उरलेलं पुन्हा तीन-तीन अक्षरांत वाचा: "पिवळं मांबस लंदारा त". गळतीनंतरचा सगळा मजकूर निरर्थक झाला. असं अगूटी बटणाला बंद करू शकत नाही, बटण कायम चालू राहतं आणि केस टोकापासून जवळजवळ मुळापर्यंत काळा होतो.

हे बिघडलेलं जनुक अप्रभावी आहे. दहावीतला मेंडेल आठवा. आई पट्टेरी असली तरी तिच्या दोन प्रतींपैकी एक बिघडलेली असू शकते. चांगल्या प्रतीमुळे ती दिसत नाही. बापाकडूनही बिघडलेली प्रत आली की पिल्लू काळं. दोघंही पट्टेरी आणि दोघांकडेही लपलेली प्रत असेल, तर प्रत्येक पिल्लू काळं होण्याची शक्यता चारात एक. काकू ज्याला लक्षण म्हणतात तो हा हिशेब आहे. काळा बिबट्याही असाच, अगूटीच्या बिघाडातून होतो, फक्त जनुकातली चूक वेगळ्या ठिकाणची. ताडोबात २०१८ साली ज्याचे फोटो निघाले तो काळा बिबट्या आणि जुन्नरच्या उसातला ठिपकेवाला बिबट्या, दोघांची जात एकच.

पट्टे आखणारी जनुकं वेगळी असतात आणि काळ्या मांजरात ती शाबूत असतात. म्हणून काळं पिल्लू सकाळच्या तिरप्या उन्हात धरलं की अंगावर अस्पष्ट पट्टे दिसतात.

कुत्र्याचं काळेपण बहुतेक वेळा वेगळ्याच वाटेने येतं. तिथे जबाबदार आहे बीटा-डिफेन्सिन, म्हणजे मुळात जंतूंशी लढणाऱ्या प्रथिनांच्या कुटुंबातलं एक प्रथिन. २००७ मध्ये कळलं की त्याच्या जनुकातून तीन अक्षरं गळली की ते प्रथिन एमसी१आरवर जाऊन बसतं आणि अगूटीला जागाच देत नाही. तीन अक्षरं गळली म्हणजे अख्खा एक शब्द गेला, पुढचं वाक्य शाबूत. इथे एकच प्रत पुरते, म्हणजे हा काळा रंग प्रभावी आहे. उत्तर अमेरिकेतल्या काळ्या लांडग्यांना हे जनुक कुत्र्यांकडून मिळालं, हे २००९ मध्ये सिद्ध झालं. २०२२ च्या एका अभ्यासात दिसलं की डिस्टेंपर या कुत्र्या-लांडग्यांना होणाऱ्या विषाणूजन्य रोगाची साथ येऊन गेलेल्या भागांत ज्यांच्याकडे या जनुकाची एक प्रत आहे असे काळे लांडगे जास्त तग धरतात. यावरून आपल्या काळ्या गावठी कुत्र्याला लस नको असं कुणी समजू नये. डिस्टेंपरची लस प्रत्येक पिल्लाला द्यायलाच हवी.

शनिवारी तेल लावलेली पोळी घेऊन काळं कुत्रं शोधत फिरणारी माणसं मी पेठांमध्ये पाहिली आहेत. तीच माणसं काळं मांजर आडवं गेलं की थांबतात. दोन्हीकडे युमेलॅनिन तेच, पण कुत्र्यात ते साडेसातीवर उतारा आणि मांजरात अपशकुन! पेठांच्या बोळांतून दिवसभर सगळ्या रंगांची मांजरं आडवी जातात. ज्या दिवशी काम फिसकटतं त्या दिवशीचं काळं मांजर तेवढं लक्षात राहतं. ब्रिटन आणि जपानमध्ये काळं मांजर शुभ मानतात. तेही तितकंच निराधार, पण निदान त्यात मांजराचा जीव जात नाही. आणि शनीसाठी दर आठवड्याला पोळी घालणाऱ्याने त्याच कुत्र्याची नसबंदी करून त्याला घरी आणलं, तर कुत्र्याचं खरंच भलं होईल.

काळं मांजर घरी आणणाऱ्यांना एक गोष्ट आवर्जून सांगतो. काही महिन्यांत त्याची पाठ तांबूस दिसायला लागली तर घाबरू नका, पण ताटलीत काय पडतंय ते बघा. मेलॅनिनचा कच्चा माल म्हणजे टायरोसिन हे अमिनो आम्ल. मांजराच्या वाढीला जेवढं टायरोसिन लागतं, त्याहून जास्त केस काळेभोर राहण्यासाठी लागतं, हे प्रयोगांत दिसलं आहे. उन्हानेही रंग उतरतो. पण दूधपोळीवर वाढवलेलं मांजर तांबूस झालं तर मला आधी आहाराचाच संशय येतो. मांजर पक्कं मांसाहारी आहे. घरात चालत नसेल, तर निदान मांजराचं तयार खाणं आणा.

फोटोचा प्रश्नही मोठा आहे, कारण हल्ली पिल्लू आधी मोबाइलवर पसंत होतं. युमेलॅनिन जवळजवळ सगळा उजेड शोषून घेतं आणि मोबाइल अख्ख्या दृश्याचा सरासरी उजेड बघतो. पांढऱ्या फरशीवर काळं पिल्लू ठेवलं की फरशी नीट दिसते आणि पिल्लाच्या जागी नुसता डाग येतो. मी आमच्या पिल्लाला खिडकीशी शेवाळी चादरीवर बसवलं, उजेड बाजूने येऊ दिला, फ्लॅश बंद ठेवला आणि स्क्रीनवर त्याच्या चेहऱ्यावर बोट टेकवलं. मिशा, डोळे, कानातले केस, सगळं आलं. खांद्यावर चार पुसट पट्टेही आले.

तो फोटो काकूंना दाखवला. चष्मा वर करून, फोटो मोठा करून त्यांनी पट्टे मोजले. पिल्लाची पहिली लस झाली आहे. पाचव्या महिन्यात नसबंदी करायची जबाबदारी घेईल अशा घराची मी वाट बघतोय.