कामाची मशीन चोरीला गेली? गहाळ दाखल्यावर थांबू नका: ठाणे ग्रामीणमध्ये फिर्यादीपासून मुद्देमाल परत मिळेपर्यंत

मुरबाडकडच्या एका साइटवरून माझ्या मामेभावाची ड्रिल मशीन, ग्राइंडर आणि वायरची दोन बंडलं एका रात्रीत गेली. तो वायरमन आहे. सकाळी पोलीस ठाण्यात गेला आणि दुपारी वस्तू गहाळ झाल्याचा दाखला घेऊन परतला. तक्रार झाली असं त्याला वाटलं, पण झाली नव्हती. कागदावर सामान फक्त 'हरवलं' होतं आणि हरवलेल्या सामानाचा चोर कोणी शोधत नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं पुन्हा गेलो, तेव्हा गुन्हा दाखल झाला.

म्हणून अर्जात पहिल्यापासून चोरी हाच शब्द हवा: 'दिनांक अमुक रोजी रात्री अमुक ते सकाळी अमुक या वेळेत, अज्ञात इसमाने लबाडीच्या इराद्याने, माझ्या संमतीशिवाय खालील सामान चोरून नेले.' त्याखाली वस्तूंची यादी: कंपनी, मॉडेल, सिरियल नंबर, रंग, अंदाजे किंमत आणि ओळखीची खूण.

किंमत नीट लिहा, कारण पुढचं बरंच तिच्यावर ठरतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खालची साधी चोरी ५,००० रुपयांच्या आतली असेल, तर ती अदखलपात्र ठरते. मग एनसी, म्हणजे फक्त अदखलपात्र गुन्ह्याची नोंद होते आणि न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. घाईत माणूस फक्त मोठी मशीन सांगतो. बिट, केबल, पेटी, पाने राहून जातात. सगळं धरा, पण फुगवू नका. मात्र सामान ठेवायच्या बंद खोलीतून, राहत्या घरातून किंवा मालवाहू टेम्पोतून चोरी झाली असेल, तर कलम ३०५ लागतं. तिथे ५,००० ची अट नाही आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. कुलूप तोडलं असेल तर तेही आवर्जून सांगा. आणि पोलीस येईपर्यंत त्या तुटलेल्या कुलपाला हात लावू नका.

फिर्याद कोण देऊ शकतं? ज्याच्या ताब्यातून सामान गेलं तो. मशीन भाड्याची असली, ठेकेदाराची असली, तरी चालतं. बिल नाही म्हणून गुन्हा नोंदवायचा नाही, असा नियम नाही. तरी सोबत असतील ते कागद न्या: आधार कार्ड, खरेदीचं बिल किंवा वॉरंटी कार्ड, मशीनचे फोटो, खोक्यावरचा सिरियल नंबर, ऑनलाइन पैसे दिल्याची नोंद, भाड्याची पावती. बिल हरवलं असेल तर दुकानदाराकडे दुसरी प्रत मागा. जीएसटी भरणाऱ्याकडे नोंद असते.

कुठे जायचं? मुरबाड, टोकावडे, शहापूर, किन्हवली, वाशिंद, कसारा, पडघा ही ठाणी ठाणे ग्रामीणमध्ये येतात. पण कळव्याचा किंवा ऐरोलीचा कारागीर शहापूरला कामाला गेला आणि घरी परतल्यावर चोरी कळली, तर तो जवळच्या ठाण्यातही फिर्याद देऊ शकतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कुठलीही असो, माहिती नोंदवून घ्यावी लागते. गुन्हा शून्य क्रमांकाने नोंदून तिकडे वर्ग होतो. एफआयआरची प्रत मोफत मिळते. ती घेतल्याशिवाय उठू नका, त्यावरचा गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर) जपून ठेवा.

नोंद घ्यायला नकार मिळाला, तर तोच अर्ज ठाणे ग्रामीणच्या पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवा. तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो; तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा. मुरबाड-शहापूरच्या कातकरी, ठाकर बांधवांनी हा हक्क जरूर वापरावा.

गुन्हा नोंदला की घटनास्थळाचा पंचनामा होतो. तपासी अंमलदाराला शेजारच्या सीसीटीव्हीबद्दल लगेच सांगा, कारण जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं. ९० दिवसांच्या आत तपासाची प्रगती फिर्यादीला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. चोर सापडलाच नाही तर 'अ' समरी होते, म्हणजे गुन्हा खरा पण उघडकीस न आलेला. विमा असेल तर हा कागद सहसा मागतात, त्याची प्रत घ्या.

माल सापडला तरी तो थेट हातात पडत नाही; तो मुद्देमाल, म्हणजे गुन्ह्यातला पुरावा असतो. परत मिळण्यासाठी न्यायालयात अर्ज करावा लागतो, सोबत एफआयआर, मालकीचा पुरावा आणि ओळखपत्र. भाड्याची मशीन असेल तर मूळ मालकाचा अर्ज किंवा संमतीपत्र जोडा. न्यायालय पोलिसांचं म्हणणं मागवतं. मशीन ठाण्यात वर्षानुवर्षं गंजत ठेवू नये, फोटो आणि पंचनामा करून बंधपत्रावर परत द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सांगितलं आहे. अर्जात त्याचा उल्लेख करा आणि 'याच मशीनवर माझी रोजची मजुरी चालते' हेही स्पष्ट लिहा.

मामेभावाचा ग्राइंडर ओळखू आला तो केबलच्या जोडावर गुंडाळलेल्या हिरव्या टेपवरून. वायर मिळाली नाही. ग्राइंडर सुपूर्तनाम्यावर, म्हणजे न्यायालयाला हमी लिहून देऊन परत आला. त्यावर काम करता येतं, पण खटला संपेपर्यंत तो विकायचा नाही, त्याचं रूप बदलायचं नाही आणि न्यायालयाने बोलावलं की घेऊन हजर व्हायचं.