विजेचा पाकट आणि लाजाळू

'लाजाळूला मज्जासंस्था असते, स्पर्श केला की तिला वेदना होतात' असं सांगणारे व्हिडिओ अधूनमधून फिरत असतात. लाजाळूत विजेचे संकेत धावतात हे खरंच आहे; जगदीशचंद्र बोस यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते मोजून दाखवले होते. पण वीज आहे म्हणून वेदना आहे, ही उडी फार लांबची झाली. पेशीच्या आवरणातून क्षारांचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, इकडून तिकडे गेले की वीज निर्माण होते. तिचं पुढे काय करायचं, हे ज्याचं त्यानं ठरवलेलं असतं.

टॉर्पेडो हा सागरी पाकट, म्हणजे एक चपटा मासा, तिचा धक्का देतो. त्याच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना विद्युत-अवयव असतात. हे मुळात स्नायूच, फक्त आकुंचन पावणं सोडून दिलेले. त्यांत चपट्या पेशी एकावर एक रचलेल्या असतात. एरवी प्रत्येक पेशी आतून ऋणभारित असते, आणि तिच्या वरच्या व खालच्या आवरणांवरचे व्होल्टेज समान पण उलट दिशेचे असतात. म्हणून पेशीच्या आरपार मोजलं तर शून्य! गंमत अशी, की मज्जातंतू येतात ते फक्त खालच्या बाजूला. तिथे असिटिलकोलीन हे मज्जातंतूंचं निरोप्या रसायन सुटलं, की त्या आवरणातली दारं उघडतात, सोडियम आत घुसतं आणि त्या बाजूचं व्होल्टेज जवळजवळ नाहीसं होतं. वरची बाजू मात्र होती तशीच. तोल बिघडला, की पेशीच्या आरपार व्होल्टच्या दहाव्या भागाहूनही कमी फरक उभा राहतो. टॉर्चमधल्या सेलसारख्या शेकडो पेशी एकसर जोडलेल्या असल्यानं त्यांची बेरीज होते, आणि असे शेकडो स्तंभ समांतर असल्यानं प्रवाहही दणदणीत मिळतो. समुद्राचं खारं पाणी उत्तम वाहक असल्यामुळे इथे व्होल्टेजपेक्षा प्रवाह महत्त्वाचा. गोड्या पाण्यातल्या विद्युत ईलचं गणित याच्या उलट. अर्थात सगळ्या पेशी एकाच क्षणी पेटल्या तरच हे जमतं, म्हणून हुकूम थेट मेंदूतल्या खास केंद्रातून सुटतो. व्होल्टानं 1800 मध्ये आपल्या बॅटरीला 'कृत्रिम विद्युत-अवयव' म्हटलं, ते याच माशाला समोर ठेवून.

रोमन वैद्य स्क्रिबोनिअस लार्गस डोकेदुखीवर जिवंत टॉर्पेडो कपाळाला लावायला सांगे. आजच्या 'बायो-एनर्जी' कड्यांपेक्षा तो बरा, निदान त्यात खरोखरची वीज तरी होती.

लाजाळूत अशी बेरीज नाहीच. तिथे वीज म्हणजे निव्वळ निरोप. सोडियमऐवजी इथे कॅल्शियम आत येतं, क्लोराइड आणि पोटॅशियम बाहेर पडतात, आणि संकेत सेकंदाला काही सेंटिमीटर या वेगानं देठाच्या बुडाशी असलेल्या फुगीर गाठीपर्यंत पोचतो. गाठीच्या खालच्या बाजूच्या पेशींतून आयन निघतात, त्यांच्यामागे पाणी निघतं, फुगवटा ओसरतो आणि देठ खाली झुकतो. तेच आयन परत आत ओढायला मात्र ऊर्जा खर्चावी लागते. म्हणून पान मिटतं क्षणात, उघडायला बरीच मिनिटं घेतं.