औषध कुणाला द्यायचं हे चिठ्ठी टाकून ठरवतात, आणि तेच बरोबर आहे

एखाद्या मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी "ट्रायलमध्ये (म्हणजे औषधाच्या माणसांवरच्या रीतसर चाचणीत) भाग घेणार का" असं विचारलं की घरचे लगेच बिथरतात. "आमचा माणूस काय उंदीर आहे काय प्रयोग करायला?" हे वाक्य मी कोल्हापुरात इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की आता त्यावर लिहायलाच पाहिजे असं वाटलं. कारण तीच घरची माणसं व्हॉट्सॲपवर वाचलेली कसलीतरी पावडर शुगरसाठी म्हणून पेशंटला रोज अनशापोटी देत असतात. ती पावडर कुणी तपासलेली नसते, त्यात काय आहे ते माहीत नसतं, किडनीवर काय परिणाम होतो ते कुणी बघत नाही. म्हणजे माणसावर प्रयोग तर चालूच आहे, फक्त त्याची नोंद नाही, त्यातून कुणाला काही शिकता येत नाही, आणि काही बिघडलं तर जबाबदार कोण हेही ठरलेलं नाही.

यावर नेहमी एकच उत्तर मिळतं, "पण आमच्या शेजारच्यांना गुण आला की." हा गुण येण्याचा मामला नीट बघूया.

काविळीचंच घ्या. आपल्या जिल्ह्यात काविळीचं औषध देणारी माणसं ठरलेली असतात, कुणी नाकात थेंब सोडतं, कुणी पानातून काहीतरी देतं, कुणी चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावून पिवळं झालेलं पाणी दाखवतं आणि कावीळ उतरली म्हणतं. आता दूषित पाण्यातून होणारी कावीळ म्हणजे बहुतेक वेळा हिपॅटायटिस ए किंवा ई, आणि हे दोन्ही विषाणू बहुतांश धडधाकट माणसांच्या शरीरातून काही आठवड्यांत आपोआप जातात. त्या काळात तुम्ही पानातून औषध घ्या, उसाचा रस प्या नाहीतर नुसते झोपून रहा, डोळे पांढरे होणारच. शंभर जण गेले तर नव्वदहून जास्त बरे होऊन त्या माणसाचं नाव गावभर करणार. इचलकरंजीत 2012 साली काविळीची मोठी साथ आली होती, अशा साथीत हिपॅटायटिस ई गरोदर बाईच्या जिवावर उठतो, पण ती बाई दगावली तर त्या औषधवाल्याच्या खात्यावर ते कुणी मांडत नाही. उलट "उशिरा आणलं" असंच म्हणतात. याला मी सरळ अंधश्रद्धा म्हणतो आणि ती जीव घेते.

तर मुद्दा असा की औषध घेतलेले किती बरे झाले हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. औषध न घेतलेले किती बरे झाले ते शेजारी ठेवायला लागतं. 1747 साली जेम्स लिंड नावाच्या जहाजावरच्या डॉक्टरनं हेच केलं. सॅलिसबरी नावाच्या ब्रिटिश युद्धनौकेवर स्कर्व्ही (ताजी फळं-भाज्या न मिळाल्यानं होणारा, हिरड्या सुजवणारा रोग) झालेले 12 खलाशी घेतले, दोन-दोनच्या सहा जोड्या केल्या, कुणाला व्हिनेगर, कुणाला समुद्राचं पाणी, कुणाला पातळ केलेलं सल्फ्युरिक ॲसिड आणि एका जोडीला संत्री आणि लिंबं. सहा दिवसांत फळं संपली पण तोवर त्या दोघांतला एक कामावर रुजू झाला होता. एवढं स्पष्ट दिसूनही ब्रिटिश नौदलात लिंबाचा रस रीतसर सुरू व्हायला 1795 उजाडलं.

पण लिंडच्या प्रयोगात एक भोक राहतं. कुठल्या खलाशाला काय द्यायचं हे त्यानंच ठरवलं. समजा त्यानं नकळत जरा बऱ्या अवस्थेतले दोघे फळांसाठी निवडले असते तर? इथंच तो भाग येतो ज्याच्या मी अक्षरशः प्रेमात आहे.

आपल्याकडचं उदाहरण देतो. शिरोळच्या बाजूला एखादा खतवाला डेमो प्लॉट करतो. नवीन खत नदीकाठच्या काळ्या रानातल्या उसाला टाकतो आणि जुनं खत माळावरच्या उसाला, आणि तोडणीला एकरी टन मोजून म्हणतो बघा आमचं खत. कुठलाही शेतकरी त्याला हाकलून देईल, कारण फरक खताचा की रानाचा हेच कळत नाही. बरं, तो म्हणाला की एकाच रानात अर्ध्या भागाला टाकतो, तरी एका बाजूला पाट जवळ असतो, एका कोपऱ्यात पाणी साचतं, कुठं पूर्वी उकिरडा असतो. दिसणारे फरक एकवेळ जुळवता येतील, पण जमिनीतले न दिसणारे कसे जुळवणार? रोनाल्ड फिशर नावाच्या संख्याशास्त्रज्ञानं 1920 च्या दशकात इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात याचं उत्तर दिलं. रानाचे छोटे छोटे तुकडे करा आणि कुठल्या तुकड्याला कुठलं खत हे चिठ्ठी टाकून ठरवा. चिठ्ठीला पाट दिसत नाही की उकिरडा, त्यामुळं चांगले-वाईट तुकडे दोन्हीकडं साधारण सारखे विभागले जातात, आणि तुम्हाला ज्यांची कल्पनाच नाही ते गुणसुद्धा!

हेच माणसांना लावा. वय, वजन, शुगर हे डॉक्टर मोजू शकतो. पण कुणाचे जीन्स कसे आहेत, कुणाच्या घरी खायला नीट मिळतं, कोण गोळ्या चुकवतो, हे सगळं कोण मोजणार? आणि जे आज विज्ञानाला माहीतच नाही ते तर जगातला कुठलाही डॉक्टर जुळवू शकत नाही. चिठ्ठी जुळवते. अट एकच, माणसं भरपूर पाहिजेत. नाणं 10 वेळा उडवलं तर 7 किंवा जास्त छापे पडायची शक्यता जवळपास 17 टक्के असते, म्हणजे 10 पेशंटांच्या अभ्यासात एका गटात दणकट माणसं जास्त जमा होणं सहज शक्य आहे. तेच 1000 वेळा उडवून 700 छापे पडणं जवळजवळ अशक्य. आणि अचूकता वाढते ती वर्गमुळाच्या हिशोबानं, चूक निम्मी करायची तर पेशंट चौपट लागतात, म्हणून या ट्रायल इतक्या मोठ्या आणि महाग असतात.

आता टीबीची ती प्रसिद्ध ट्रायल. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये स्ट्रेप्टोमायसीन हे टीबीवरचं नवं औषध फार थोडं मिळत होतं, सगळ्यांना पुरणार नव्हतंच. ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञानं (पहिल्या महायुद्धात त्याला स्वतःला टीबी झाला होता) पेशंटची वाटणी बंद पाकिटांतून केली. डॉक्टरनं पेशंट घ्यायचं नक्की केल्यावरच पाकीट उघडायचं. म्हणजे "हा बिचारा जास्त आजारी आहे, याला औषध मिळू दे" असं मनात आलं तरी डॉक्टरला काही करता येत नाही. 55 जणांना औषध आणि बेड रेस्ट, 52 जणांना त्या काळचा नेहमीचा उपचार म्हणजे फक्त बेड रेस्ट. सहा महिन्यांत पहिल्या गटातले 4 गेले, दुसऱ्यातले 14. निकाल 1948 साली छापून आला.

इथं जरा नेट लावून वाचा, थोडं गणित आहे. समजा ते औषध म्हणजे नुसतं पाणी होतं. तसं असेल तर जे 18 जण गेले ते कुठल्याही गटात असते तरी गेलेच असते, त्यांची नावं आधीच ठरलेली. मग प्रश्न उरतो तो फक्त चिठ्ठ्यांचा. 107 चिठ्ठ्या एका डब्यात टाका, 55 वर "औषध" लिहा, ढवळा, वाटा, आणि त्या 18 पैकी किती जणांना "औषध" आलं ते मोजा. परत गोळा करा, परत वाटा. हजारो वेळा केलंत तर सरासरी 9 च्या आसपास येईल, कधी 7, कधी 11, क्वचित 6. पण 4 किंवा त्याहून कमी? शंभरात एकदासुद्धा नाही. म्हणून एकतर फार दुर्मिळ योगायोग घडला किंवा "औषध म्हणजे पाणी" हे आपलं गृहीतक चुकलं. आणि हा सगळा हिशोब करता येतो तो केवळ खरोखर चिठ्ठ्या टाकल्या होत्या म्हणून, डॉक्टरनं मनानं वाटणी केली असती तर डब्यातल्या चिठ्ठ्यांचं गणित लावायला आधारच उरला नसता. ज्याला पी-व्हॅल्यू म्हणतात ती हीच. मात्र याचा अर्थ "औषध निकामी असण्याची शक्यता एक टक्का" असा होत नाही, अर्थ असा की औषध निकामी असतं तर असा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता एक टक्क्याहून कमी. दोन्ही वाक्यं सारखी वाटतात पण पहिलं काढायला औषधाबद्दल आधी काय माहीत होतं तेही हिशोबात घ्यावं लागतं. पाच टक्क्यांची नेहमीची रेघ धरली तर 100 निकामी औषधं तपासल्यावर त्यातली सरासरी 5 नुसत्या योगायोगानं पास होतील, म्हणून "अमुक संशोधनात सिद्ध" अशी एक बातमी वाचून उड्या मारायच्या नसतात.

पुढं काय झालं तेही महत्त्वाचं. स्ट्रेप्टोमायसीन एकटं दिल्यामुळं जंतू त्याला सरावले आणि पुढच्या पाच वर्षांत दोन गटांतला फरक बराचसा पुसला गेला. मग दोन औषधं एकत्र देऊन परत ट्रायल झाल्या, आणि आज टीबीच्या पेशंटला एकदम तीन-चार औषधं देतात ती या शिकवणीतून. भारताचाही यात मोठा वाटा आहे. मद्रासच्या टीबी केमोथेरपी सेंटरनं 1950 च्या दशकात 193 पेशंट चिठ्ठीनं वाटले, काही सॅनेटोरियममध्ये (टीबीच्या पेशंटांना ठेवून घ्यायचं हॉस्पिटल), काही घरी, औषधं दोघांना सारखीच. तोवर सगळीकडं समज होता की टीबी म्हणजे चांगली हवा, दूध-अंडी आणि सक्तीची विश्रांती, आपल्या शेजारी मिरजेजवळ वानलेसवाडीला त्यासाठीच सॅनेटोरियम होतं. 1959 साली निकाल आला तेव्हा गर्दीच्या वस्तीत, अर्धपोटी राहून घरी औषध घेणारेसुद्धा जवळपास तितकेच बरे झाले होते, आणि घरच्यांना लागण होण्याचं प्रमाणही जास्त आढळलं नाही. गरीब देशांना टीबीवर घरच्या घरी उपचार देता येतात हे या ट्रायलनं दाखवलं.

दुसरी युक्ती म्हणजे कुणाला कुठली गोळी मिळाली हे पेशंटलाही कळू द्यायचं नाही आणि डॉक्टरलाही नाही. दुखणं, मळमळ, थकवा या गोष्टी माणसाच्या अपेक्षेनं कमीजास्त होतात म्हणून हे करतात.

आणि ज्यांना वाटतं की तज्ज्ञ डॉक्टरांचा अनुभव पुरेसा आहे त्यांनी कास्ट नावाची अमेरिकेतली ट्रायल माहीत करून घ्यावी. हार्ट ॲटॅकनंतर ज्यांच्या हृदयाचे ठोके अधूनमधून चुकतात ते जास्त दगावतात हे माहीत होतं. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड या गोळ्यांनी ते चुकणारे ठोके कमी व्हायचे, ईसीजीवर स्वच्छ दिसायचं. म्हणून डॉक्टर अशा गोळ्या चांगल्या मनानं लिहून देत होते. मग चिठ्ठ्या टाकून बघितलं. गोळी घेणाऱ्या 755 पैकी 63 गेले आणि तशीच दिसणारी खोटी गोळी घेणाऱ्या 743 पैकी 26. ईसीजी सुधारत होता आणि माणसं मरत होती! धोका दिसायला लागल्यावर 1989 साली या दोन गोळ्यांचा भाग मध्येच थांबवला. कुठल्याही एका डॉक्टरला हे आपल्या ओपीडीत कधीच कळलं नसतं, कारण हार्ट ॲटॅकचा पेशंट गेला तर हृदयानं गेला असंच सगळ्यांना वाटणार.

कोरोनात तर आपण सगळ्यांनीच अनुभवलं. 2021 च्या एप्रिल-मे मध्ये प्लाझ्मा (कोरोनातून बरे झालेल्यांच्या रक्तातला द्रव भाग) देणारा डोनर पाहिजे म्हणून प्रत्येक ग्रुपवर मेसेज फिरत होते, नातेवाईक रात्री-अपरात्री ब्लड बँकेच्या दारात उभे असायचे. पण आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेनं 39 हॉस्पिटलांत 464 पेशंटांवर केलेल्या प्लॅसिड ट्रायलचा निकाल 2020 मध्येच आला होता, प्लाझ्मानं मृत्यू किंवा आजार बळावणं कमी झालं नव्हतं. सरकारी मार्गदर्शक सूचनांतून प्लाझ्मा निघाला मे 2021 मध्ये. याउलट ब्रिटनच्या रिकव्हरी ट्रायलनं डेक्सामेथासोन हे अगदी स्वस्त, जुनं स्टेरॉइड तपासलं. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटांत 28 दिवसांतले मृत्यू 41.4 टक्क्यांवरून 29.3 टक्क्यांवर आले, आणि ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना मात्र काही फायदा दिसला नाही. म्हणजे कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही, दोन्ही कळलं.

आता त्या उंदीरवाल्या शंकेबद्दल. ती हवेतून आलेली नाही. भारतात ट्रायलच्या नावाखाली माणसांना नीट न सांगता औषधं दिल्याच्या तक्रारी झाल्या आणि 2013 मध्ये सुप्रीम कोर्टानं सरकारला चांगलंच खडसावलं, पुढं नियम कडक होत 2019 ची नवी नियमावली आली. एथिक्स कमिटीची (पेशंटच्या हक्कांवर आणि सुरक्षेवर लक्ष ठेवणाऱ्या समितीची) परवानगी लागते, पेशंटला समजेल अशा भाषेत सगळं सांगून लेखी संमती घ्यावी लागते, कधीही कारण न देता बाहेर पडता येतं, ट्रायलमुळं इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाईची तरतूद आहे. आणि "अर्ध्या लोकांना साखरेची गोळी देऊन मरायला सोडतात" हेही खरं नाही. गंभीर आजारावर चालू उपचार असेल तर तो दोन्ही गटांना मिळतो, नवीन औषध त्याच्यावर जोडतात किंवा त्याच्याशी तुलना करतात. दोन्हींत चांगलं कुठलं हे खरंच माहीत नसेल तरच चिठ्ठी टाकायची परवानगी असते.

म्हणून तुम्हाला किंवा घरच्या कुणाला विचारलं तर घाबरून पळू नका आणि लगेच सहीही करू नका. मराठीतलं संमतीपत्र मागून घ्या, घरी नेऊन वाचा, न कळलेलं विचारा. तुलना कशाशी आहे, तपासण्यांचा आणि प्रवासाचा खर्च कोण देणार, रात्री त्रास झाला तर कुणाला फोन करायचा, एवढं तरी विचाराच. भारतातल्या ट्रायलची नोंद सीटीआरआय या सरकारी रजिस्टरमध्ये असते, 2007 साली ते सुरू झालं आणि कुणालाही फुकट बघता येतं. साईट इंग्रजीत आहे, कॉलेजला जाणाऱ्या पोराला बसवा जवळ. ट्रायल कुठल्या हॉस्पिटलांत चालू आहे, एथिक्स कमिटीची परवानगी आहे का, नक्की काय मोजणार आहेत, सगळं त्यात लिहिलेलं असतं. नंबरची सुरुवातच सीटीआरआय अशी असते, तो संमतीपत्रावर दिसला नाही तर डॉक्टरांकडून मागून घ्या.