माहिती तंत्रज्ञान सेवाउद्योग, कोकणपट्टीतील

परदेशी वा देशी ग्राहकांसाठी संगणकाच्या आज्ञावली लिहिणे, त्यांची देखभाल करणे, ग्राहकाची यंत्रणा दुरून चालवणे आणि त्याचे हिशोबी व कागदोपत्री काम हाताळणे, हा व्यवसाय. कोकण किनाऱ्यावर तो कसा वाढला आणि त्यातून नोकरीची कोणती रीत घडली, एवढ्यापुरती ही नोंद आहे. कोकण म्हणजे येथे पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतचा महाराष्ट्राचा किनारा. मुंबईचे दोन्ही जिल्हे प्रशासकीय कोकण विभागातच मोडतात. गोव्याचा समावेश केलेला नाही. या उद्योगाचा इतिहास सांगताना बंगळूर, पुणे, हैदराबाद ही नावे पुढे येतात आणि किनारा मागे राहतो. वास्तविक इलेक्ट्रॉनिक्स निर्यातीचा पहिला राखीव परिसर, समुद्राखालून येणाऱ्या केबली उतरण्याची प्रमुख जागा आणि अलीकडची मोठी डेटा सेंटरे ही तिन्ही अंगे याच पट्ट्यात आहेत.

आरंभ : उद्योगाचा आरंभ कोणत्या वर्षी धरावा याबद्दल अभ्यासकांत एकवाक्यता नाही. एक पक्ष मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेपासून सुरुवात करतो. टिफ्रॅक हा संगणक तेथेच घडवला गेला आणि १९६० मध्ये रीतसर कामाला लागला. १९६४ च्या सुमारास सीडीसी ३६०० हे मोठे यंत्र तेथे आले. आज्ञावली लिहिणाऱ्यांची पहिली पिढी या वातावरणात तयार झाली हे खरे, पण ते संशोधन होते. मोबदला घेऊन परक्याचे काम करून देणे हा त्याचा हेतू नव्हता. दुसरा पक्ष १९६८ हे वर्ष मानतो. त्या वर्षी टाटा सन्सचा एक विभाग म्हणून टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस (टीसीएस) सुरू झाली आणि पुढच्या वर्षी फकीरचंद कोहली तिच्याकडे आले. पोलाद कंपनीची पंच कार्डे, सेंट्रल बँकेच्या शाखाशाखांतील हिशोबांचा मेळ, युनिट ट्रस्टची नोंदवही अशी तिची सुरुवातीची कामे होती. सेवा होती, पण ग्राहक देशी होता.

तिसरा पक्ष १९७३-७४ च्या सुमारास येऊन थांबतो. १९७३ मध्ये अंधेरी पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स निर्यात प्रक्रिया क्षेत्र, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले सीप्झ, स्थापन झाले. १९७४ मध्ये टाटा कन्सल्टन्सीचा अमेरिकेच्या बरोज कंपनीशी संबंध जुळला. एका जातीच्या बरोज यंत्रासाठी लिहिलेली रुग्णालयाची आज्ञावली दुसऱ्या जातीच्या बरोज यंत्रावर उतरवून देणे, हे पहिल्या निर्यातकामांपैकी एक मानले जाते. त्या काळी संगणक आयात करायचा तर परवाना, जबर शुल्क आणि बदल्यात परकीय चलन मिळवून देण्याची हमी, असे त्रांगडे होते. म्हणजे यंत्र हवे म्हणून निर्यात करावी लागे. ग्राहक परका, यंत्र परके, मेहनत इथली आणि बिल डॉलरात, या चार गोष्टी येथे प्रथम एकत्र आल्या. म्हणून प्रस्तुत नोंदीत हाच आरंभ ग्राह्य धरला आहे. आयबीएम १९७८ मध्ये देशातून निघून गेली आणि त्या पोकळीत हा उद्योग जन्मला, हे मत लोकप्रिय असले तरी कालक्रमात बसत नाही. त्या घटनेने निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर काम करण्याची सवय लावली, इतके श्रेय तिला देता येईल.

ऐंशीच्या दशकात देशाच्या सॉफ्टवेअर निर्यातीचा मोठा वाटा सीप्झमधून जात असे. १९७८ मध्ये पटनी कंप्यूटर सिस्टिम्स निघाली. तिच्यातून बाहेर पडलेल्यांनी १९८१ मध्ये पुण्यात इन्फोसिस काढली. मास्टेक १९८२ ची. नोव्हेंबर १९८४ चे संगणक धोरण आणि १९९१ मधील सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क योजना यांनी आयातीचा जाच कमी केला, उपग्रहामार्गे डेटा जोडणी दिली आणि परिसराचे बंधन सैल केले. त्याच पावलाने उद्योग किनारा सोडून घाटावर आणि दक्षिणेत पसरला.

खाडीपलीकडे : अंधेरीत जागा महागल्यावर कंपन्या ठाणे खाडी ओलांडून ऐरोली, रबाळे, घणसोली, महापे या पट्ट्यात आल्या. येथे औद्योगिक विकास महामंडळाची ठाणे-बेलापूर वसाहत होती आणि तिच्यातील रासायनिक कारखाने एकेक करून बंद पडत होते. महापे येथे महामंडळानेच मिलेनियम बिझनेस पार्क उभारले. नवी मुंबईसाठी ज्या आगरी-कोळी गावांच्या जमिनी गेल्या, त्यांना जानेवारी १९८४ च्या आंदोलनात पाच माणसे गमावल्यानंतर गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क मिळाला. या गावठाणांच्या चाळींत आणि साडेबारा टक्क्यांच्या इमारतींत आज कंपन्यांतील नवखी मुलेमुली भाड्याने राहतात. कॅबचे कंत्राट, सुरक्षारक्षक, कॅन्टीन, घरभाडे या वाटांनी गावांना उत्पन्न मिळाले. संगणकासमोरची खुर्ची त्यांच्या वाट्याला फार कमी आली. उद्योगाच्या बहुतेक वर्णनांत ही बाजू गाळली जाते, आणि ते अन्यायाचे आहे.

समुद्राखालील केबली वर्सोव्याच्या किनाऱ्यावर आणि मुंबईच्या इतर केंद्रांवर उतरतात. २०२२ अखेर देशात १७ आंतरराष्ट्रीय केबली १४ केंद्रांवर येत होत्या आणि मुंबई व चेन्नई ही त्यांची मुख्य ठिकाणे होती. जानेवारी २००८ मध्ये अलेक्झांड्रियाजवळ दोन केबली तुटल्या तेव्हा देशातील इंटरनेटवर थेट परिणाम झाला. केबल जिथे उतरते तिथून जवळ, वीज मुबलक आणि दर्याच्या भरतीपासून सुरक्षित अशी जागा डेटा सेंटरला लागते. म्हणून ती ऐरोली, महापे, रबाळे आणि पनवेल परिसरात एकवटली.

मनुष्यतास व बिलिंग : कार्यसंस्कृती समजून घ्यायची तर आधी विक्रीचे एकक पाहावे लागते. या उद्योगाने दीर्घकाळ वस्तू विकली नाही, तास विकले. करार मुख्यतः दोन प्रकारचे. पहिल्यात प्रत्यक्ष खर्ची पडलेल्या तासांना ठरलेल्या दराने गुणून बिल होते. दुसऱ्यात संपूर्ण कामाची रक्कम आधी ठरते आणि जास्तीचे तास कंपनीच्या अंगावर पडतात. पहिल्यात वेळ लागला तर ग्राहक भरतो, दुसऱ्यात कर्मचारी रात्री बसून भरून काढतो. दराचेही दोन स्तर असतात : ग्राहकाच्या देशात बसलेला, म्हणजे ऑनसाइट, माणूस महाग आणि इथला कित्येक पटींनी स्वस्त. प्रकल्पाची मिळकत या दोहोंच्या प्रमाणावर ठरते. म्हणून ऑनसाइटची संधी ही पगारवाढीहून मोठी बक्षिसी ठरली.

या हिशोबाचे घरगुती रूप म्हणजे टाइमशीट. शुक्रवारी संध्याकाळी प्रत्येकाने आठवड्याचे रकाने भरायचे : प्रकल्पाचा क्रमांक, कामाचा संकेत, सोमवार ते शुक्रवार रोज आठ किंवा नऊ तास. प्रत्यक्षात अकरा तास बसलेला माणूसही बहुधा नऊच लिहितो, कारण करारात तेवढेच मंजूर असतात. उरलेले दोन तास कोणत्याच वहीत येत नाहीत. कामाच्या तासांवरील सार्वजनिक वादात जी आकडेवारी फेकली जाते, तिची ही मूळ त्रुटी आहे. ज्याच्या नावे बिल नाही तो बेंचवर. बिलात आलेल्या तासांचे उपलब्ध तासांशी प्रमाण ऐंशी टक्क्यांच्या वर ठेवण्याकडे मोठ्या कंपन्यांचा कटाक्ष असतो. टीसीएसने जून २०२५ मध्ये वर्षाला किमान २२५ बिलाचे दिवस आणि बेंचवर जास्तीत जास्त ३५ दिवस अशी अट घातली, ती याच तर्काची कडक आवृत्ती होय.

कार्यसंस्कृती : न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा इथे हिवाळ्यात साडेसात आणि उन्हाळ्यात साडेसहा वाजलेले असतात. दिवेलागणीला कॉल सुरू होतो तो यामुळे. लंडनचे काम असेल तर दुपारी दीड-अडीचला. मार्चमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिकडची घड्याळे सरकली की इथली जेवणाची वेळ आणि शेवटच्या लोकलचा हिशोबही सरकतो.

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ नुसार दिवसाला नऊ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा ठरली. दिवसाची मर्यादा दहा तास करण्यास राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये मंजुरी दिली. नारायण मूर्ती यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे म्हटल्यापासून हा विषय घराघरांत पोहोचला. कंपनीची बाजू घेणारे लेखन हा चिकाटीचा प्रश्न मानते, कामगार संघटनांकडील लेखन कायद्याचा. वर दिलेला बिलिंगचा हिशोब पाहता दुसरी मांडणी अधिक पटण्यासारखी आहे.

कोकणातून आलेल्या नोकरदारांच्या बाबतीत रजेचा प्रश्न वेगळा आहे. गणपती सहसा सर्वांनाच ठाऊक असतात. व्यवस्थापक कुठलाही असो, त्या आठवड्यात टीममधील कोण कणकवलीला आणि कोण गुहागरला जाणार याची यादी जुलैतच होते. शिमग्याचे तसे नाही. कंपनीच्या सुट्ट्यांच्या यादीत धुळवडीचा एक दिवस असतो, पण गावी पालखी घरोघर फिरते ती त्यानंतरही कित्येक दिवस. घरची पालखी नेमकी मार्चमध्ये येते आणि बँकांच्या प्रकल्पांत वर्षअखेरीमुळे त्याच महिन्यात रजा बंद असते. पालखी दारात आली आणि घरातला मुलगा स्क्रीनसमोर, ही तक्रार रत्नागिरी जिल्ह्यात सर्रास ऐकू येते. गिरणीत बदली कामगार देऊन गावी जाता येई; येथे ग्राहकाच्या यंत्रणेचा पासवर्ड ज्याचा त्याच्याकडेच असल्याने तीही सोय नाही.

गावातून काम : मार्च २०२० नंतर कंपन्यांनी कर्मचाऱ्यांना घरी पाठवले आणि अनेकांनी घर म्हणजे गाव असे ठरवले. दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२० मध्ये सेवाकेंद्रांचे नियम शिथिल केल्यावर त्याला कायद्याचा आधार मिळाला. मात्र ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, दापोली, मंडणगड भागांतील वीज आणि मोबाइल मनोरे आडवे केले, मे २०२१ मध्ये तौक्ते आले आणि २२ जुलै २०२१ ला चिपळूण पुरात बुडाले. टिकलेल्यांनी आपापली व्यवस्था बसवली : पडवीच्या कोपऱ्यात टेबल, इन्व्हर्टर, दोन कंपन्यांची सिमकार्डे, स्थानिक केबलवाल्याचे फायबर. मृगाच्या आणि परतीच्या पावसात वीज कडाडू लागली की राऊटरची पिन उपटून मोबाइलच्या इंटरनेटवर यायचे, नाहीतर राऊटर जळतो. टीसीएसने ऑक्टोबर २०२३ पासून पाच दिवस कार्यालय सक्तीचे केले. इतरांनीही दोन-तीन दिवसांची अट घातली. पडव्या पुन्हा रिकाम्या झाल्या.

कृत्रिम बुद्धिमत्ता : हा विषय या किनाऱ्यावर नवा नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांनी साठच्या दशकापासून आकृती ओळखणे आणि भाषाव्यवहार यांवर काम केले. त्यांच्या नेतृत्वाखाली घडलेल्या, जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीने ऐंशी-नव्वदच्या दशकांत तज्ज्ञप्रणाली आणि यंत्रानुवाद हाताळले. २००३ मध्ये ती सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेत विलीन झाली. या कामाचा सेवाउद्योगाशी संबंध मात्र जवळपास आला नाही. संशोधक आणि कंपन्या एकाच शहरात राहून वेगळ्या वाटेने गेले.

२०२२ अखेरीस भाषिक प्रारूपे, म्हणजे सांगितल्यावर मजकूर आणि आज्ञावली लिहून देणारी चॅटजीपीटीसारखी साधने, सर्वांच्या हाती आल्यावर ती वाट एकदम कंपन्यांच्या दारात आली. पनवेलच्या योट्टा डेटा सेंटरमध्ये मार्च २०२४ मध्ये अशी प्रारूपे चालवण्यासाठी लागणाऱ्या एनव्हिडियाच्या एच१०० चिपांचा पहिला मोठा साठा आला. त्याच महिन्यात केंद्राने सुमारे १०,३७२ कोटी रुपयांचे इंडिया एआय मिशन मंजूर केले. बिलिंगच्या भाषेत परिणाम असा : समजा एका कामाला हजार तास लागत आणि साधनांच्या मदतीने ते सातशेत होऊ लागले, तर तासांच्या करारात कंपनीचे उत्पन्न तीस टक्क्यांनी घटते आणि ठरावीक रकमेच्या करारात तेवढी बचत कंपनीला होते. म्हणून ग्राहक पहिल्या कराराचा आग्रह धरतात वा दर पाडून मागतात, आणि कंपन्या निकालावर आधारलेल्या किमतीकडे वळू पाहतात. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास, पदे कमी करण्याचे जाहीर केले. कारण कृत्रिम बुद्धिमत्ता नसून कौशल्यांचा मेळ न बसणे हे आहे, असे मुख्य कार्यकारी अधिकारी के. कृतिवासन यांनी सांगितले. अनेक निरीक्षकांनी दोन्ही कारणे एकाच बदलाची अंगे मानली, आणि तेच अधिक सयुक्तिक दिसते.

दक्षिण कोकणात सिंधुदुर्ग जिल्हा प्रशासनाने २०२५ मध्ये राज्य शासनाच्या मार्व्हल कंपनीच्या साहाय्याने सरकारी कामकाजात कृत्रिम बुद्धिमत्ता वापरण्यास सुरुवात केली.

या बदलाचा कोकणावरील भार मुख्यतः नवशिक्यांवर पडतो. लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ, रत्नागिरीचे फिनोलेक्स महाविद्यालय, देवरुखजवळचे आंबव, कणकवली येथून निघणारे अभियंते बहुधा चाचणी, देखभाल आणि रात्रीची देखरेख या पायरीवरून उद्योगात शिरत आले. वर्ष-दोन वर्षे दुसऱ्याचा कोड वाचत, चुका शोधत ते शिकत आणि मग वर सरकत. साधनांनी प्रथम हीच कामे उचलली. दहावी-बारावीच्या निकालात कोकण विभागीय मंडळ २०१२ पासून राज्यात सातत्याने पहिले येत आहे. त्या मुलांना मुंबईत पहिला पाय ठेवायला ही पायरी होती, आणि तिच्या जागी कंपन्यांनी किंवा महाविद्यालयांनी अजून दुसरी बांधलेली नाही.