पोकरचा हिशेब आणि ट्रेडिंग कार्डांच्या स्पर्धा

मॅजिक, पोकेमॉन, यु-गि-ओ अशा ट्रेडिंग कार्ड गेमच्या (जमवलेल्या कार्डांतून स्वतःचा गठ्ठा, म्हणजे डेक, रचून खेळायच्या खेळांच्या) मोठ्या स्पर्धेत फेरी संपल्यावर खेळाडू आपसात काय बोलतात ते कान देऊन ऐकलं, तर निम्मी भाषा पोकरची निघते. 'माझ्याकडे चारच आउट्स उरले होते', 'त्याच्या रेंजमध्ये ते कार्ड बसतच नव्हतं', 'दुसरा डाव हरलो आणि टिल्ट झालो'. आउट्स म्हणजे जिंकून देऊ शकणारी उरलेली कार्डं, रेंज म्हणजे समोरच्याच्या हातात असू शकतील अशी सगळी कार्डं, टिल्ट म्हणजे चिडून तोल सुटणं. टिल्ट हा शब्द तर पोकरनेही उसना घेतलेला, पिनबॉलच्या यंत्राकडून. शब्दांच्या पाठोपाठ विचार करायची एक पद्धतही आली. पोकरकडून शिकायचं म्हणजे ब्लफ मारायला शिकायचं, अशी सर्वसाधारण समजूत आहे. मला ती अपुरी वाटते. पोकरने या खेळांना दिलेली खरी देणगी म्हणजे निर्णय आणि निकाल वेगवेगळे तोलायची सवय. ही सवय कशी आली, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

सुरुवातीला तर पोकरचा पॉट, म्हणजे डावावर लागलेल्या पैजांची रास, मॅजिकच्या नियमांतच होता. गणितज्ञ रिचर्ड गारफील्ड यांनी रचलेला हा खेळ विझार्ड्स ऑफ द कोस्टने ऑगस्ट १९९३ मध्ये बाजारात आणला. मूळ नियमांनुसार डाव सुरू होण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या डेकमधलं एक कार्ड न बघता बाजूला ठेवायचं, आणि जो जिंकेल त्याने दोन्ही कार्डं घेऊन जायची. याला 'अँटे' म्हणत. हा शब्दही पोकरचाच. डावावर लावलेली ही पैज वाढवणारी किंवा बदलणारी काही कार्डंसुद्धा छापली होती. पण जमवलेलं आवडतं कार्ड एका डावात गमावणं कुणाला रुचणार? शिवाय जुगाराच्या कायद्यांची अडचण होती. स्पर्धांमध्ये अँटेला जागा मिळाली नाही आणि १९९५ नंतर तशी कार्डं छापणंही थांबलं.

पैज गेली, पण पैसा दुसऱ्या दाराने आत आला. १९९४ मध्ये मिलवॉकीला पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि अमेरिकेचा झॅक डोलन ती जिंकला. फेब्रुवारी १९९६ मध्ये न्यूयॉर्कला पहिली प्रो टूर भरली, रोख बक्षिसांची. तिथून पुढे एका चुकीच्या चालीची किंमत डॉलरमध्ये मोजता येऊ लागली. माझ्या मते इथेच पोकरच्या विचाराला जमीन तयार झाली. छंद म्हणून खेळणारा हरला तर नशिबाला दोष देऊन मोकळा होतो. ज्याचं घरभाडं बक्षिसावर अवलंबून आहे, त्याला 'माझं चुकलं की पानं वाईट आली?' या प्रश्नाचं खरं उत्तर लागतं.

त्या प्रश्नाचं उत्तर शोधायची रीत पोकरमध्ये आधीच घडत होती, आणि तिची मुळं गणितात होती. जॉन फॉन नॉयमन यांनी १९२८ मध्ये खेळांच्या गणितावर पायाभूत निबंध लिहिला. पुढे १९४४ मध्ये ऑस्कर मॉर्गनस्टर्न यांच्याबरोबर लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी पोकरचं एक सोपं रूप घेऊन ब्लफचा हिशेब मांडला. निष्कर्ष आजही वाचताना थबकायला होतं: पैज लावायची ती सर्वांत चांगल्या पानांवर आणि सर्वांत वाईट पानांवर; मधल्या दर्जाची पानं घेऊन गप्प बसायचं. मधल्या पानांना उघड करून तुलना झाली तरी थोडीफार आशा असते, टाकाऊ पानांना ती नसते. म्हणून ब्लफसाठी टाकाऊ पानंच योग्य. ब्लफ हा धाडसाचा किंवा चेहऱ्याच्या अभिनयाचा भाग न राहता गणिताचा भाग झाला.

टेबलावर बसणाऱ्यांच्या भाषेत हे आणलं पोकरपटू डेव्हिड स्क्लान्स्की यांनी. १९८७ च्या त्यांच्या पुस्तकातलं सूत्र साधं आहे. समोरच्याची पानं दिसत असती तर तुम्ही जसं खेळला असता, त्यापेक्षा वेगळं खेळलात की फायदा त्याचा. तसंच खेळलात की फायदा तुमचा. त्या एका डावात पैसे कुणी उचलले, याला या सूत्रात स्थानच नाही. पॉटमध्ये १०० आहेत, समोरच्याने ५० लावले, म्हणजे १५० मिळवण्यासाठी तुम्हाला ५० घालायचे आहेत. जिंकायची शक्यता २५ टक्क्यांहून जास्त असेल तर पैसे घालणं बरोबर, मग चारपैकी तीन वेळा हरलात तरी चालेल.

कार्ड गेमवाले याच काळात स्वतःचं शास्त्र स्वतः उभारत होते, आणि ते पोकरहून बरंच वेगळं होतं. १९९० च्या दशकाच्या मध्यावर ब्रायन वाइसमन याने आपल्या संथ, चिवट डेकमधून कार्डांच्या हिशेबाचं महत्त्व दाखवून दिलं. माझ्या एका कार्डाने तुझी दोन कार्डं निकामी झाली, की मी एकाने पुढे. १९९९ मध्ये मायकेल फ्लोरेस याने एका गाजलेल्या लेखात मांडलं की प्रत्येक सामन्यात एकाने हल्लेखोर असायचं असतं आणि दुसऱ्याने थोपवून धरणारा. आपली भूमिका कोणती हे ज्याने चुकीचं ओळखलं, तो बहुधा हरतो. हे विचार थोर आहेत, पण दोन्हींत एक पोकळी होती. समोरच्याच्या हातात काय आहे याबद्दल अंदाज कसा बांधायचा, याची शिस्त त्यांत नव्हती.

ती शिस्त आली २००३ नंतर, आणि लोंढ्यासारखी आली. त्या वर्षी ख्रिस मनीमेकर नावाचा हिशेबनीस, ऑनलाइन पात्रता स्पर्धेत शंभर डॉलरपेक्षा कमी भरून वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत पोहोचला आणि २५ लाख डॉलर जिंकून गेला. २००३ मध्ये त्या स्पर्धेत ८३९ खेळाडू होते. पुढच्या वर्षी २,५७६, त्याच्या पुढच्या वर्षी ५,६१९. मॅजिकच्या प्रो टूरवर घडलेली तरुण मंडळी या टेबलांकडे वळली. डेव्हिड विल्यम्स २००४ च्या मुख्य स्पर्धेत दुसरा आला आणि ३५ लाख डॉलर घेऊन गेला. एरिक फ्रोलिक याने २००५ मध्ये वयाच्या २१ व्या वर्षी वर्ल्ड सिरीजचं ब्रेसलेट (विजेत्याला मिळणारं मानचिन्ह) जिंकलं. तोवर इतक्या लहान वयात ते कुणी जिंकलं नव्हतं. ही माणसं एकाच दिशेने गेली असती तर गोष्ट तिथेच संपली असती. पण फ्रोलिक, गॅब्रिएल नसीफ असे अनेक जण दोन्ही टेबलांवर बसत राहिले, आणि इकडचं तिकडे होत राहिलं.

या मिश्रणाचं फळ एकाच चालीत बघायचं असेल तर २००६ च्या होनोलुलू प्रो टूरची उपांत्य फेरी बघावी. क्रेग जोन्स विरुद्ध ऑलिव्हिए रुएल. पुढच्या पाळीला रुएल जोन्सला संपवणार, हे टेबलावर स्पष्ट दिसत होतं. जोन्सच्या हातात 'चार' (आकडा नव्हे; इंग्रजी Char, म्हणजे करपवणं) नावाचं कार्ड होतं: समोर ४ नुकसान, स्वतःलाही २. बचावासाठी ते रुएलच्या एखाद्या प्राण्यावर, म्हणजे त्याच्या बाजूने लढणाऱ्या कार्डावर, टाकता आलं असतं, आणि घाबरलेला माणूस नेमकं तेच करतो. जोन्सने ते थेट रुएलवर टाकलं आणि त्याचे उरलेले जीवनगुण ३ वर आणले. आता डेकमधून वरचं कार्ड काढायचं. तीन नुकसान करणारं निघालं तर जिंकला, नाही तर संपला. त्याने कार्ड उघडून टेबलावर ठेवलं. 'लाइटनिंग हेलिक्स', बरोबर तीन. बक्षिसातल्या फरकामुळे ते कार्ड आजही १६,००० डॉलरचं हेलिक्स म्हणून ओळखलं जातं.

लोकांच्या लक्षात राहिलं ते हेलिक्स. मला मात्र त्याच्या आधीचं 'चार' जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण जोन्सच्या हातात होतं ते फक्त तेवढंच. हिशेब साधा असतो. समजा, न दिसलेली ४० कार्डं उरली आहेत आणि त्यातली ८ तुम्हाला जिंकून देतात. एका उचलीत शक्यता २० टक्के. बचाव करून आणखी एक पाळी मिळाली, तर दोन उचलींत ती सुमारे ३६ टक्के होते. मग बचावच चांगला, असं वाटेल. पण बचावात ते कार्ड खर्च झाल्यामुळे आता जिंकायला दोन कार्डं लागणार असतील, तर तो ३६ चा आकडा खोटा आहे. पोकरमध्ये आउट्स मोजायला शिकलेला खेळाडू आधी विचारतो, 'मी नेमका कोणत्या कार्डावर जिंकतो?' आणि मग ते कार्ड येणारच आहे असं धरून आताची चाल खेळतो. उद्या ते कार्ड आलं नाही, तरी चाल बरोबरच होती.

रेंजचा विचार यापेक्षा उशिरा रुजला, कारण तो अंगवळणी पडायला कठीण आहे. नवखा खेळाडू विचारतो, 'त्याच्या हातात अमुक कार्ड आहे का?' पोकर खेळलेला विचारतो, 'कोणकोणती कार्डं हातात असताना तो असं खेळला असता?' समोरच्याने आपला २/२ प्राणी (बळ २, सोसायची ताकद २) तुमच्या ३/३ च्या तोंडावर हल्ल्याला पाठवला आणि मागे दोन लँड (इतर कार्डं खेळायला लागणारी ऊर्जा देणारी कार्डं) वापराविना ठेवल्या. अडवायचं का? प्राण्याचं बळ वाढवणारं कार्ड हातात असेल तर तो असाच येईल. काहीच नसेल तरी, तुम्ही अडवणार नाही अशी खात्री असल्यास, असाच येईल. म्हणून मागची पाळी आठवायची. तेव्हाही हीच संधी होती आणि तो आला नव्हता. मधे त्याने एकच कार्ड उचललं. तेव्हा त्याच्याकडे रिकाम्या लँड होत्या का? हल्ला करण्यापूर्वी तो किती वेळ थांबला? माइक कॅरो यांनी पोकर टेबलावरच्या अशा खुणांवर १९८४ मध्ये पुस्तकच लिहिलं होतं. कार्ड गेममध्ये मला खुणांपेक्षा क्रम जास्त बोलका वाटतो: कोणती लँड आधी ठेवली, कोणती राखून ठेवली, यात खोटं बोलणं अवघड असतं.

सगळंच मात्र जसंच्या तसं बसलं नाही. पोकरचा सगळ्यांत मोठा निर्णय म्हणजे पानं टाकून देणं, फोल्ड. कार्ड गेममध्ये डाव सोडला की डाव हरला. फोल्डचं जवळचं नातं आहे ते मुलिगनशी: पहिली सात कार्डं बघून ती ठेवायची की बदलायची. सुरुवातीच्या नियमांत हातात सगळ्या लँड आल्या किंवा एकही आली नाही तरच नवीन कार्डं घेता येत. १९९७ मध्ये पॅरिस मुलिगन आलं: कोणतीही सात परत करा, पण एक कमी घ्या. तिथे हा खरा फोल्ड झाला, कारण आता त्याला किंमत होती आणि निवड तुमची होती. २०१९ च्या लंडन पद्धतीत प्रत्येक वेळी सात उचलून हवी ती तळाशी घालायची मुभा मिळाली, आणि मध्यम दर्जाची सात कार्डं परत करणं पूर्वीपेक्षा स्वस्त झालं. तरीही 'बरी आहेत, ठेवतो' म्हणून ठेवलेल्या हातांनी जेवढे सामने घालवले, तेवढे कोणत्याही फसलेल्या ब्लफने घालवले नसतील.

दुसरा फरक पॉटचा. पोकरमध्ये थोडं हरणं आणि पुष्कळ हरणं यांत फरक आहे. इथे एका जीवनगुणाने हरा नाही तर वीस जीवनगुणांनी, नोंद एकच. त्यामुळे मागे पडल्यावर धोका पत्करणं जवळजवळ फुकट असतं, आणि पोकरमधून आलेले सावध खेळाडू नेमके इथे चुकतात. स्पर्धेच्या पातळीवर दोन्ही खेळ पुन्हा जवळ येतात. मॅजिकच्या साखळी फेऱ्यांत विजयाला ३ गुण आणि बरोबरीला १. शेवटच्या फेरीत दोघांनाही एक गुण पुरत असेल तर ते न खेळता बरोबरी मान्य करतात. चिपची किंमत बक्षिसाच्या रचनेवरून ठरते, हे पोकरमधलं गणित इथे गुणांना लागू होतं. पण पोकरच्या अंतिम टेबलावर बक्षीस वाटून घ्यायची बोलणी उघड चालतात. मॅजिकच्या सामन्यात 'तू हार मान, मी तुला बक्षिसातला वाटा देतो' एवढं म्हटलं तरी तो नियमभंग ठरतो आणि खेळाडूला शिक्षा होते.

अलीकडच्या काळात दोन्ही वाटा पुन्हा फुटल्या आहेत. जानेवारी २०१५ मध्ये अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी दोघांत खेळला जाणारा लिमिट होल्डेम (पैजेची रक्कम ठरलेली असलेला पोकरचा प्रकार) संगणकाने जवळजवळ पूर्ण सोडवल्याचं जाहीर केलं. २०१७ मध्ये कार्नेगी मेलनच्या लिब्राटस या संगणक प्रणालीने पैजेला मर्यादा नसलेल्या नो-लिमिटमध्ये अव्वल व्यावसायिकांना हरवलं. आता पोकरपटू घरी बसून सॉल्व्हरकडून, म्हणजे सर्वोत्तम चाल काढून देणाऱ्या संगणक प्रणालीकडून, शिकतात. मॅजिकबद्दल मात्र २०१९ मध्ये ॲलेक्स चर्चिल, स्टेला बिडरमन आणि ऑस्टिन हेरिक यांनी सिद्ध केलं की हा खेळ ट्युरिंग-पूर्ण आहे, म्हणजे त्याच्या कार्डांत संगणकाचा कोणताही हिशेब मांडता येतो. कोण जिंकणार हे ठरवून देणारी कोणतीही एक रीत प्रत्येक डावाला लागू पडूच शकत नाही.

म्हणून इथे गणित तुकड्यातुकड्याने येतं. नेदरलँड्सच्या फ्रँक कार्स्टन याने कोणत्या रंगाच्या किती लँड हव्यात याचे तक्ते काढले, साधारण ९० टक्के वेळा कार्ड वेळेवर खेळता यावं या कसोटीवर: ६० कार्डांच्या डेकमध्ये पहिल्याच पाळीला एका रंगाचं, एकाच लँडच्या ऊर्जेवर खेळता येणारं कार्ड खेळायचं, तर त्या रंगाच्या १४ लँड. उरलेलं काम संघ करतात. स्पर्धेपूर्वी एका घरात राहायचं, डेकची एकच जोडी पुन्हापुन्हा खेळायची, आणि डाव संपल्यावर कोण जिंकलं हे न लिहिता कोणत्या पाळीला कोणती चाल वेगळी खेळता आली असती, ते लिहायचं.